बॅटरी वारंवार बसते: चौथी घेण्याआधी काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेट्रोल हॅचबॅक, वय सहा वर्षं. कंपनीची मूळ बॅटरी चार वर्षं चालली. तिच्यानंतरची सव्वा वर्षात गेली आणि आत्ताची आठ महिन्यांतच दगा द्यायला लागलीय. घरून काम सुरू झाल्यापासून गाडी सोसायटीत उभी असते. शनिवारी बाजारहाटाला काढायची म्हटलं की सेल्फ घेत नाही. गॅरेजवाला म्हणतो बॅटरी गेली. बॅटरीवाला ती चार्ज करून परत देतो आणि म्हणतो बॅटरी ठणठणीत आहे, डायनॅमो दाखवा. मधल्या काळात तुम्ही अँड्रॉइड स्टिरिओ आणि डॅशकॅम बसवलाय. आता चौथी बॅटरी घ्यावी की डायनॅमो बदलावा?

आत्ता यातलं काहीच घेऊ नका. तुमच्या लिहिण्यात व्होल्टेजचा एकही आकडा नाही, म्हणजे दोघांपैकी कुणीच मोजून बोललेलं दिसत नाही. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलंय आणि खिसा तुमचा मोकळा होतोय.

माझं काम गाड्यांच्या वायरिंगचं. ‘बॅटरी बसते’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बॅटरी बिचारी निर्दोष असते, निदान पहिल्या वेळी तरी. पण दोन-चार वेळा पार तळाला गेली की ती खरोखरच खराब होते, आणि मग गॅरेजवाल्याचं म्हणणंही खरं ठरतं. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि ते पुढे चार्जिंगने पूर्ण सुटत नाही. प्रत्येक वेळी तिची साठवण थोडी कमी होते. तुमची दुसरी बॅटरी पहिलीपेक्षा आणि तिसरी दुसरीपेक्षा लवकर बसतेय याचा अर्थ मी असा लावतो की मूळ कारण अजून गाडीतच आहे. चौथीही तशीच जाईल.

शोधायचं ते एवढंच: बॅटरीत पुरेसं भरलं जात नाही, की भरलेलं गाडी उभी असताना कुणीतरी खातंय, की बॅटरीला धरूनच ठेवता येत नाही? तुमच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच सुमारास बदलल्या, म्हणून घोटाळा झालाय. वापर कमी झाला आणि नवीन वस्तू बसल्या. रोज पंचवीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हीच गळती असती तर कदाचित तुम्हाला वर्षभर पत्ता लागला नसता.

सगळ्यात आधी फुकटचं काम. बॉनेट उघडा आणि बॅटरीच्या खांबांवर बसणारे वायरींचे दोन्ही क्लॅम्प हाताने पिळून बघा. हाताने हलला तर तो सैल आहे. पान्याने घट्ट करा. पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर क्लॅम्प काढा, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवा, कोरडं करा, आतून पॉलिश पेपर मारा, बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर सरळ शॉर्ट होतो. अशा वेळी पाना चिकटून लाल होताना मी पाहिलाय.

सेल्फ मारताना आवाज कसा येतो तेही लक्ष देऊन ऐका. भराभर टकटकटक आणि मीटरमधले दिवे मंद झाले तर बॅटरी खाली आहे किंवा कनेक्शन खराब आहे. एकच ‘टक’ आणि दिवे लखलखीत असतील तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या वायरवर घ्यायचा. बॅटरी बदलून काही होणार नाही. इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजली तरी गाडी अगदी बॅटरी बसल्यासारखी वागते. ती तपासायला मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. साधारण पाव व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग साफ करून घ्या.

हो, मीटर लागेल. साधा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. नव्या बॅटरीच्या मानाने ही रक्कम काहीच नाही.

आता बॅटरीचा आराम व्होल्टेज. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी दार उघडण्याआधी, निदान सेल्फ मारण्याआधी, टर्मिनलवर मोजा. 12.6 किंवा थोडं वर म्हणजे बॅटरी भरलेली. 12.4 म्हणजे पाऊणएक भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. 12.0 ला ती जवळजवळ रिकामी झालेली असते, जरी आकडा ‘बारा’ दिसतो म्हणून लोक निश्चिंत असतात. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर वाचन फुगलेलं येतं. तेव्हा काही तास थांबा. बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नका. सहा सेलपैकी एकाच सेलमध्ये तो बसवलेला असतो. बाकीच्या पाचांचं काय चाललंय हे त्याला दिसत नाही.

यानंतरची चाचणी मी जवळजवळ प्रत्येकाला सांगतो, कारण तिला वायरिंगचं ज्ञान लागत नाही आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. पूर्ण म्हणजे पूर्ण. छोट्या पेट्रोल गाड्यांत बहुतेक 35 अँपिअर-अवरची (हे बॅटरीच्या साठवणीचं माप) बॅटरी असते. तिला साडेतीन अँपिअरच्या आसपास आठ-दहा तास लागतात. दुकानात अर्ध्या तासाचा ‘बूस्ट’ देतात, त्याने गाडी सुरू होते, बॅटरी भरत नाही. भरल्यावर ती काही तास तशीच ठेवा, व्होल्टेज मोजून कागदावर लिहा, आणि निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधून ठेवा. एरवी गाडी जितके दिवस उभी राहिल्यावर बसते तितके दिवस तिला हात लावू नका. मग पुन्हा मोजा.

12.65 चं 12.6 झालं असेल तर बॅटरी धरून ठेवतेय. खाणारं काहीतरी गाडीत आहे. वायर सुटलेली असूनही आठवड्यात 12.3 वर आली तर दोष बॅटरीच्या पोटात आहे, आणि मग वॉरंटी कार्ड काढा. व्होल्टेज टिकला तरी एक शंका उरते: साठवण कमी झालेली बॅटरीही व्होल्टेज छान दाखवते. म्हणून वायर जोडून सेल्फ मारताना मीटरवर नजर ठेवा. सेल्फ फिरत असताना 9.6 च्या खाली घसरत असेल तर लोड टेस्टरवर, म्हणजे बॅटरीवर मुद्दाम भार टाकून बघणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. हे यंत्र बॅटरीच्या दुकानात असतं आणि तपासणीला पाचेक मिनिटं लागतात. बॅटरी भरलेली असतानाच न्या, उतरलेल्या बॅटरीची लोड टेस्ट काहीही सांगते.

डायनॅमोचं काम लवकर आटोपतं. इंजिन चालू असताना टर्मिनलवर 13.8 ते 14.5 दिसलं पाहिजे. एसी, ब्लोअर, हेडलाइट सगळं लावल्यावरही साडेतेराच्या खाली फारसं जाऊ नये. गाडी नवी असेल आणि निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटा सेन्सर असेल तर कंप्युटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे तेरा दिसलं म्हणून लगेच डायनॅमो उघडू नका, हेडलाइट लावून परत बघा, सहसा वर जातं. या गाड्यांना चार्जरची काळी पिन बॅटरीच्या खांबाला न लावता बॉडीच्या अर्थिंगला लावायची, नाहीतर सेन्सरला किती भरलं ते कळत नाही.

पण डायनॅमो चार्ज करतोय म्हणजे तो निर्दोष असं मात्र नाही. त्याच्यातला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गळका झाला की दिवसा तो बॅटरी भरतो आणि रात्री तिच्यातूनच खातो. सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, डायनॅमोच्या बॉडीला हात लावून बघा. रात्रभर उभ्या गाडीत बाकी सगळं इंजिन गार आणि डायनॅमो कोमट लागला तर दुसरं काही बघायची गरज नाही. मीटरने बघायचं तर इंजिन चालू ठेवा, मीटर एसी व्होल्टवर (अल्टरनेटिंग करंट; गाडीचा एसी नव्हे) लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोडचा संशय घ्या. स्वस्त मीटर इथे कधी कधी 26-27 असा भलताच आकडा दाखवतात. घाबरू नका, पिना उलट करून मोजा.

इथवर आलात म्हणजे टर्मिनल ठीक, बॅटरी धरतेय, डायनॅमो भरतोय, आणि तरी गाडी आठवड्यात बसते. तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं तुम्ही इथेच येऊन थांबाल. पण हा अंदाज आहे. मोजल्याशिवाय त्यावर पैसे लावू नका.

गळती शोधायला निघण्याआधी कागदावर थोडं गणित करा, कारण गाडी किती वेळात बसते यावरूनच खाणारा केवढा मोठा आहे ते समजतं. 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीतलं साधारण निम्मं संपलं की सेल्फ कुरकुरायला लागतो. म्हणजे खर्चायला सुमारे 17 अँपिअर-अवर. निरोगी गाडी झोपेत 20 ते 50 मिलिअँपिअर (अँपिअरचा हजारावा भाग) खाते: घड्याळ, सेंट्रल लॉक, कंप्युटरची आठवण. 30 मिलिअँपिअरने दिवसाला पाऊण अँपिअर-अवरही जात नाही; तीन आठवडे सहज निघतात. दोन-तीन दिवसांत बसणारी गाडी 300-400 मिलिअँपिअर खात असते. डिक्कीतला पाच वॅटचा एक दिवा तेवढं खातो. एका रात्रीत बसत असेल तर गळती अँपिअरमध्ये आहे.

रात्रीत बसणाऱ्याचं एक उदाहरण. एका शिक्षकांची गाडी होती, रोज सकाळी धक्का. ब्रेक पेडलच्या वर एक बटण असतं. पेडल सुटलं की त्यावरचा प्लॅस्टिकचा छोटा बूच ते बटण दाबतो आणि ब्रेकलाइट विझतो. बूच वाळून तुटला होता. त्याचे निळसर तुकडे ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर पडले होते, आणि सरांनी ते मुलीच्या खेळण्याचे समजून झटकून टाकले होते. दोन्ही ब्रेकलाइट मिळून साडेतीन अँपिअर, रात्रभर. गाडी भिंतीला पाठ करून लावायचे, त्यामुळे घरातल्या कुणाला दिसलं नाही. भिंतीवर रात्री लाल उजेड असतो हे शेवटी वॉचमनने सांगितलं. नवा बूच किरकोळ किमतीत आला.

तुमची गाडी पाच-सहा दिवसांनी बसते. सतरा भागिले सहा भागिले चोवीस, म्हणजे साधारण 120 मिलिअँपिअर. बॅटरीची साठवण आधीच निम्म्यावर आली असेल तर साठेक मिलिअँपिअरही पुरतील. म्हणजे तुम्हाला शोधायचाय तो दिसणारा दिवा नसून झोपायला तयार नसलेली एखादी वस्तू.

मोजायची पद्धत. मीटरची लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह क्लॅम्प आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर जोडायचा, म्हणजे गाडीचा सगळा करंट मीटरमधून जाईल. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हेडलाइट लावायचे नाहीत. बऱ्याच स्वस्त मीटरवर त्या भोकापाशी ‘अनफ्यूज्ड’ असं छापलेलं असतं. जास्त करंट गेला तर फ्यूज उडत नाही, मीटरच जळतो. दार उघडं ठेवावं लागणार असेल तर स्क्रूड्रायव्हरने दाराचं कुलूप बंद स्थितीत पाडून ठेवा, म्हणजे गाडीला दार बंद वाटेल. स्मार्ट चावी असेल तर ती घरात नेऊन ठेवा. ती खिशात घेऊन बॉनेटवर वाकलात तर काही गाड्या जाग्याच राहतात आणि तुम्ही तास घालवता.

सुरुवातीचा आकडा बघून दचकू नका. जोडल्याबरोबर दोन-तीन अँपिअर दिसतात, मग एकेक कंप्युटर झोपतो तसा आकडा टप्प्याटप्प्याने उतरतो. काही गाड्या दहा मिनिटांत शांत होतात, काही अर्धा-पाऊण तास घेतात. पन्नास मिलिअँपिअरच्या खाली उतरला तर गळती त्या वेळी तरी नाही. शंभरावर अडला तर आता फ्यूज काढायला लागा: एक काढा, आकडा बघा, परत लावा, पुढचा. ज्या फ्यूजला आकडा दणकन उतरेल ती लाइन धरायची. अडचण अशी की फ्यूज परत लावताना कधी कधी झोपलेली गाडी उठते आणि परत अर्धा तास थांबावं लागतं. म्हणून मी फ्यूज काढतच नाही. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही ठिपक्यांना पिना लावतो. करंट जात नसेल तर शून्य. शून्य नसेल तर त्या फ्यूजमधून काहीतरी चाललंय, आणि गाडी झोपेतून उठतही नाही.

डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा पकडून बॅटरीचा करंट मोजणारा मीटर, असेल तर वायर सोडायचीही गरज नाही, पण घरगुती वायरमनकडे असतो तो क्लॅम्प मीटर सहसा फक्त एसी मोजतो. तो उसना आणून उपयोग नाही.

आता संशयितांविषयी. तुमच्या गाडीत माझी पहिली नजर स्टिरिओवर जाईल. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओला पिवळी वायर कायमच्या करंटची असते आणि लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनची. बसवणाऱ्याला चावीची लाइन पटकन सापडली नाही की तो लाल आणि पिवळी एकत्र पिळतो, काळी टेप गुंडाळतो आणि गाडी देऊन टाकतो. स्टिरिओ झकास वाजतो. बटणाने स्क्रीन बंद केला की मालकाला वाटतं बंद झाला. आत त्याचं सगळं जागं असतं. ओळखायची खूण सोपी आहे: चावी काढून घेतल्यावर, दार उघडून बंद केल्यावर आणि थोडं थांबल्यावरही स्टिरिओ चालूच राहत असेल, तर डॅशबोर्डच्या मागे ती टेप नक्की सापडेल. वायर वेगळ्या करून लाल वायर योग्य जागी जोडली की काम झालं, स्टिरिओ बदलायची गरज नाही.

दुसरा डॅशकॅम. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतला असेल आणि ते सॉकेट चावीबरोबर बंद होत असेल तर तो निर्दोष. फ्यूज बॉक्समधून कायमची लाइन घेऊन ‘पार्किंग मोड’ चालू ठेवला असेल तर तो एकटाच तुमची बॅटरी दोन-तीन दिवसांत बसवू शकतो. किटमध्ये कट-ऑफ व्होल्टेजची सोय असेल तर ती 12.2 च्या खाली ठेवू नका. आठवडाभर उभ्या गाडीसाठी पार्किंग मोड मला तरी परवडणारा वाटत नाही.

बाकीचे मग क्रमाने: विमा किंवा सुरक्षेसाठी बसवलेला जीपीएस ट्रॅकर, डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये विसरून राहिलेला ब्लूटूथ डोंगल, बाहेरून टाकलेला सेंट्रल लॉक, चिकटलेला रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच), डिक्कीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा दिवा. दिव्याची शंका असेल तर मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिक्कीत ठेवा, डिक्की लावा, मिनिटाने काढा आणि बघा आत अंधार झाला का. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हेही आपल्याकडचं मोठं कारण आहे; बॉनेटखाली लेंड्या दिसल्या तर आधी हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बघा. आणि फास्टॅगबद्दल नेहमी कुणीतरी विचारतं म्हणून: त्याचा गाडीच्या बॅटरीशी काही संबंध नाही, टोलच्या रीडरच्या लहरींवरच तो चालतो.

मोजल्यावर गाडी 30-40 मिलिअँपिअरच खाते असं निघालं तर? तेही शक्य आहे. मग मी दोष वापराला देईन, आणि थकलेल्या बॅटरीला. लोक दर रविवारी पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात आणि बॅटरी भरली समजतात. आयडलिंगला डायनॅमो कमी देतो, त्यात एसी-ब्लोअर चालू असतो. एका स्टार्टला लागलेलं तेवढ्यात भरून निघतं, पण आठवड्याची झीज आणि आधीची तूट तशीच राहते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सलग पाऊण-एक तास रस्त्यावर चालवा, किंवा पार्किंगमध्ये प्लग असेल तर ट्रिकल चार्जर (अगदी हळू भरत राहणारा) लावा. कोकणातल्या घरी फक्त गणपती-शिमग्याला निघणाऱ्या गाड्यांना मी दुसरा पर्यायच देत नाही: निगेटिव्ह सोडून ठेवा, नाहीतर चार्जर लावून ठेवा.

गळती सापडून दुरुस्त झाली की आत्ताची बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट करा. आठ महिन्यांची आहे, कदाचित वाचेल. नापास झाली तर नवी घ्या, पण क्रम हाच ठेवा. गाडीत स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होण्याची सोय) असेल तर त्यासाठीचीच बॅटरी घ्या. साधी टाकली की ती लवकर जाते. घेताना तयार झाल्याचा महिना बघा. दुकानात सहा-आठ महिने पडलेली बॅटरी मी स्वतः घेत नाही.

तोवर शनिवारी अडायचं नसेल तर सोमवारी गाडी लावताना दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह सोडून ठेवा. काही गाड्यांत यामुळे घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं जातात, एका बटणात पूर्ण वर जाणारी काच पुन्हा शिकवावी लागते, आणि पहिली काही मिनिटं आयडलिंग खालीवर होतं. सोडण्याआधी एवढंच बघा की डिक्की फक्त बटणावर उघडणारी असेल तर चावी आत राहिलेली नाही.